बोट लागली

“जरा मोठ्याने बोला हो! इथे पोरं बोंबलतायत, काही ऐकू येत नाही!”

मी फोनवर खेकसले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. बुधवार, लसीकरणाचा दिवस. खारवण बंदराच्या उपकेंद्राच्या ओट्यावर चौदा आया आणि चौदा पोरं. त्यातली निम्मी सुई टोचली म्हणून रडत होती आणि निम्मी दुसऱ्याला टोचलेली बघून. फोन मी खांद्याने कानाशी दाबला होता आणि हातात एका बाळाची मांडी होती.

“सिस्टर… पाखरबेटावरनं बोलतोय. देवस्थळी. भिवा मेथरांकडे उतरलोय.” आवाज जड, ओढत आणल्यासारखा, आणि मधे मधे खरखर. “मला बोट… ला…”

“बोट लागली?”

पुन्हा खरखर. काहीतरी बोलले.

“उलटी झाली का?”

“झाली. एक. अंग फार… दुखतंय. मान धरलीय.”

“चक्कर?”

“डोळ्यांवर झापड येतेय.”

“मग बरोबर आहे. बोट लागल्यावर असंच होतं, घाबरू नका. लिंबू चोखा. आल्याचा तुकडा दाढेखाली धरा. भिवाच्या बायकोकडे माझ्या पांढऱ्या गोळ्या ठेवलेल्या आहेत, त्यातली एक घ्या आणि गप पडून राहा. झोप लागली तर उत्तम, उठलात की टुणटुणीत व्हाल. ठेवू?”

त्यावर ते काय म्हणाले ते आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. मी फोन ठेवला आणि बाळाच्या मांडीत सुई घातली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी इंदुमती गिरप, खारवणची नर्स. आता निवृत्त आहे, पण बंदरावर अजून सगळे मला सिस्टरच म्हणतात. पाखरबेट आमच्या बंदरापासून बोटीने सव्वा तासावर. पस्तीस घरं, एक देऊळ, आणि मोबाईलला रेंज फक्त देवळामागच्या कातळावर. डॉक्टर तिथे कधीच नव्हता. पर्यटक यायला लागले तेव्हा भिवा मेथरने घराच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या, इंजिनाची बोट घेतली, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर लाल रंगाने माझा नंबर लिहून ठेवला. आजारी पडल्यास इंदू सिस्टरना फोन करा.

दर गुरुवारी मी स्वतः बेटावर जायची. बाकीचे सहा दिवस उंटावरून शेळ्या हाकायच्या. कुणाची पाठ उन्हाने सोलवटलेली, कुणाला तिसऱ्या-शिंपल्या खाऊन बाधलेल्या, आणि दहांतले आठ फोन बोट लागल्याचे. घाटावरची माणसं ती, बादलीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही; सव्वा तास हेलकावे खाल्ले की आतडी तोंडात. मला त्याचा इतका सराव झाला होता की माणसाने तोंड उघडायच्या आत मी लिंबू सांगून मोकळी व्हायची. बंदरावर चेष्टा चालायची, इंदू सिस्टरकडे पाय मोडून गेलात तरी ती लिंबूच चोखायला सांगेल. आमचे आरोग्य केंद्राचे डॉक्टर तर मीटिंगमध्ये म्हणाले होते, “या बाई कानाने नाडी बघतात.” मला ते फार गोड लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

तर त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला भिवाचा फोन आला. तो कातळावरूनच बोलत होता. बारा वाजता तो बोट घेऊन बंदरावर यायचा, मुक्काम संपलेले पर्यटक सोडायचा आणि संध्याकाळी नव्यांना घेऊन परत जायचा. अख्ख्या बेटावर इंजिनाची बोट ती एवढीच.

“सिस्टर, तो सांगलीचो पावणो झोपलोसा. उठवल्यार उठणा नाय. तेका घेवन येव काय?”

“उलट्या चालू आहेत?”

“नाय. फकस्त झोपलोसा. तेची बायल म्हणता, सिस्टरांनी झोपाक सांगितल्यानी, म्हणान आमी गप आसव.”

“मग झोपू दे की! बोट लागलेल्या माणसाला परत बोटीत कशाला घालतोस? वारा सुटलाय, वाटेत आतडी ओकेल बिचारा. संध्याकाळी वारा पडला की आण.”

भिवा जरा घुटमळला. “माका बरां दिसणा नाय ता.”

“तू डॉक्टर कधी झालास?”

“नाय, नाय. ऱ्हवांदे तर,” तो म्हणाला, आणि बारा वाजता बोट त्या माणसाला मागे ठेवून निघाली.

दीड वाजता मी डबा उघडला होता. सुरमईचं तिखलं होतं. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. बाईचा आवाज, धाप लागलेला.

“सिस्टर, मी मिसेस देवस्थळी. शालन देवस्थळी. यांना जागच येत नाहीये हो. हलवलं तरी डोळे उघडत नाहीत. तोंड उघडून पाणी घालायला गेले तर जबडा घट्ट मिटलाय. आणि…” त्या थांबल्या. “अंथरुणात लघवी झालीय. काळी आहे. चहाच्या चोथ्याच्या पाण्यासारखी.”

तोंडातला घास तोंडातच राहिला. बोट लागून कुणाची लघवी काळी होत नाही.

“सकाळी कुठल्या बोटीत बसले होते ते?”

“बोटीत? कुठल्याच नाही. आम्ही सोमवारी आलोय, तेव्हापासून बोटीत पायसुद्धा नाही ठेवला.”

“मग सकाळी काय केलं?”

“रापण ओढायला गेले होते ना, किनाऱ्यावर, कोळ्यांबरोबर. यांना हौस भारी. जाळं वर आल्यावर मासे वेचायला हात घातला. तिथेच त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. काटा असेल म्हणाले. रक्तसुद्धा आलं नाही, दोन ठिपके दिसतात नुसते.” मग त्यांचा आवाज बदलला. “म्हणजे? तुम्हाला फोनवर सांगितलं नाही त्यांनी? बोटाचं?”

ओट्यावर कुणीच नव्हतं. भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक फडफडत होतं.

“नाही,” मी म्हणाले.

एवढा एक शब्द तोंडातून कसा गेला, कुणाला विचारून गेला, मला माहीत नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

“वहिनी, नीट ऐका. त्यांना एका कुशीवर वळवा. पोट वरखाली होतंय ना, त्यावर डोळा ठेवा. थांबलं तर नाक दाबून तोंडाने हवा भरायची, छाती फुगेपर्यंत. मी निघालेच.”

“मी इथे कातळावर आहे हो. तिकडे त्यांच्याजवळ भिवांची बायको एकटीच आहे.”

“मग पळा! फोन सोडा आणि पळा!”

डॉक्टरांना फोन करून गाडी बंदरावर उभी करायला सांगितली. उपकेंद्रात हवा भरायचा रबरी फुगा होता, पण तो नवजात बाळांचा. तोच पिशवीत टाकला. धक्क्यावर भिवा बोटीतच भाकरी खात बसला होता. मला धावत येताना बघून उभा राहिला.

“भिवा, आज रापणीत साप होता?”

“होतो मगे. दोन होते. रोजच असतत, शेपटेक धरून दर्यात भिरकावतत.” मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भाकरी पाण्यात टाकून दिली. लगेच इंजिनाला दोरी मारली.

जाताना वारा समोरून होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दर्या दुपारनंतर ऐकत नाही. एकेका लाटेवर बोट उभी राहायची आणि दाणकन खाली यायची. मी पुढच्या फळीला धरून बसले होते आणि एकच हिशेब डोक्यात घोळत होता. ही बोट बारा वाजता तिथे होती. हीच. तो माणूस या फळीवर आडवा पडून सव्वा वाजता बंदराला लागला असता आणि अडीचपर्यंत मोठ्या दवाखान्यात पोचला असता.

“भिवा,” मी ओरडले, “त्यांना आणू का, विचारलंस तेव्हा तुला काय दिसलं होतं?”

तो सुकाणूवरची नजर न काढता म्हणाला, “पापणे मिटलेले, सिस्टर. पण झोपलेलो माणूस घोरता, कूस बदलता. तो तसोच पडलेलो.”

“मग आणलं का नाहीस?”

“तुमी सांगितलात,” भिवा म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेतीन होऊन गेले होते. खोलीत देवस्थळी उताणे पडले होते. पन्नाशी ओलांडलेला सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशाला अजून लाल शाईचं पेन अडकवलेलं. शालनवहिनी त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने वाकून तोंडाने हवा भरत होत्या. केस सुटलेले, ओठ सुजलेले. किती वेळ भरत होत्या देव जाणे. छाती स्वतःहून हलत होती, पण किती? दिव्याची वात संपताना हलते तेवढी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन ठिपके होते. डास चावला तरी याहून मोठी गांधी येते.

आम्ही तिघांनी दाराची फळी काढून त्यांना तीवर घातलं आणि बोटीत आणलं. बाळांचा फुगा तोंडावर धरून बघितला. तो त्यांच्या अर्ध्या हनुवटीलाही पुरेना. टाकला बाजूला आणि तोंड लावलं.

परतीला वारा पाठीशी होता. पाच श्वास मी द्यायचे, पाच वहिनींनी. मधल्या वेळात त्या त्यांच्याशी बोलत होत्या, रोजच्यासारख्या. “मुद्रितशोधक आहेत हे, सिस्टर. प्रूफं तपासतात. तीस वर्षं तेच केलंय. लग्नाच्या पत्रिकेतली वेलांटी चुकली तरी जेवण जात नाही यांना. काल भिवांच्या भिंतीवर ‘आजारी पडल्यास’ मधला र ऱ्हस्व होता, तो पेनाने दुरुस्त करून आलेत. ऐकताय ना हो? सिस्टरना सांगतेय मी तुमचं.”

त्यांना वाटत होतं हे बेशुद्ध आहेत. मलाही वाटत होतं. श्वास देऊन मी जरा मागे झाले आणि बाहुली बघायची म्हणून त्यांची पापणी बोटाने वर उचलली.

डोळा माझ्याकडे बघत होता.

मी माझं डोकं डावीकडे नेलं. डोळा डावीकडे आला. संथ, पण आला. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, की त्या विषाने अंगातला एकेक स्नायू निजतो, आधी पापण्या, मग जीभ, मग जबडा, मग छाती. आतला माणूस मात्र जागा राहतो. तेव्हा मला एवढंच कळलं की हे सकाळपासून झोपलेलेच नव्हते. सिस्टरनी झोपायला सांगितलंय म्हणून घर गप बसलं होतं, आणि हे मिटल्या पापण्यांच्या आड सगळं ऐकत होते. भिवाने विचारलेलं, वहिनींनी दिलेलं उत्तर, बारा वाजता इंजिन सुरू झालेलं आणि दूर गेलेलं.

माझा धीर सुटला. इंजिनाच्या आवाजात वहिनींना ऐकू जाणार नाही एवढं बघून मी त्यांच्या कानाशी वाकले.

“देवस्थळी, मी सिस्टर. माझं चुकलं हो. तुम्ही सांगितलंत, मीच ऐकलं नाही.”

पापणी मी अजून धरून ठेवली होती. डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. ते माझ्यासाठी होतं, बायकोसाठी होतं, की पापणी उघडी राहिली म्हणून नुसतंच आलेलं, मला सांगता येणार नाही. मी पापणी मिटली आणि पुन्हा तोंड लावलं.

बंदर दिसायला लागलं तेव्हा गळ्याची नाडी बोटाखाली अडखळली. मग दोन ठोके आले. मग आलीच नाही. मी छाती दाबायला घेतली. वहिनी श्वास भरत राहिल्या. धक्क्यावरून कुणीतरी गाडीवाल्याला हाक मारली, “बोट लागली रे! बोट लागली!”

डॉक्टरांनी धक्क्यावरच वीस मिनिटं खटपट केली. मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून ते उभे राहिले. त्यांनी ते मधलं बोट उचलून बघितलं, ओल्या लेंग्याला लागलेले काळे डाग बघितले.

“समुद्रातला साप,” ते म्हणाले. “यावर आपल्याकडे लस नाही. पण वेळेत यंत्रावर घालून श्वास चालू ठेवला तर विष उतरतं. यातनं माणसं चालत घरी गेलेली आहेत.” मग माझ्याकडे वळले. “दुपारची बोट आली ना? तिने का नाही आणलं?”

धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं होती. सगळी माझ्या ओळखीची. निम्म्यांची बाळंतपणं मी केलेली. भिवा बोटीत उभा राहून दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झालेली दोरी त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. शालनवहिनी फळीशेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. त्यांना फक्त उत्तर हवं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “त्यांनी फोनवर ‘बोट लागली’ असं सांगितलं.”

मग शालनवहिनी नवऱ्याकडे वळल्या.

“बोट लागली? असं म्हणालात?” त्यांनी त्यांच्या छातीवर पंजा आपटला. “अहो, तीस वर्षं जगाच्या वेलांट्या सुधारल्यात, आणि स्वतःचं एक वाक्य धड सांगता आलं नाही होय तुम्हाला? एक वाक्य?”

त्या त्यांना मारत होत्या आणि रडत होत्या, आणि मी त्यांना धरून उभी होते. सगळ्या बंदराने बघितलं, सिस्टर त्या बाईला कशी पोटाशी धरून होती ते.

चौकशी झाली. माझ्या वहीत मी घाईत एकच शब्द खरडला होता, ‘बोट’. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो वाचला, मान हलवली आणि सही केली. बाहेर आल्यावर भिवा म्हणाला, “सिस्टर, साडेअकरांक मी तुमका फोनच केलंय नाय. समाजलात?” त्याला दोन पोरी होत्या, खोल्यांवर घर चालत होतं, आणि बेटावर दुसरी सिस्टर येणार नव्हती. मी मान हलवली. त्यानंतर आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही.

पुढच्या डिसेंबरात शालनवहिनी आल्या. नवऱ्याच्या नावाने त्यांनी बेटाला ऑक्सिजनची टाकी दिली, मोठ्या माणसाचा रबरी फुगा दिला, आणि एक पाटी करून आणली. पाटी कुठे लावायची, तर जिथे उभं राहून सगळे मला फोन करतात तिथे, देवळामागच्या कातळावर. नारळ माझ्याच हातून फोडून घेतला. “तुम्ही एवढं तोंडाने श्वास दिलात, सख्खी बहीण देणार नाही,” असं चारचौघांत म्हणाल्या. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा फराळाचा डबा येतो. चिरोटे माझ्या घशाखाली उतरत नाहीत, शेजारी वाटते.

आता मघाशी जे गाळलं ते सांगते. त्या सकाळी रेंज खराब होती, पोरं रडत होती, हे सगळं खरं. त्यांचा आवाज जड येत होता तोही रेंजने नव्हे, जीभ जड व्हायला लागली होती म्हणून, हे मला मागून उमगलं. पण मी “बोट लागली?” असं विचारल्यावर ते जे बोलले ते मला ऐकू आलं होतं. ते म्हणाले होते, “नाही सिस्टर. बोटाला. बोटा-ला.” अक्षरं सुटी करून, मुलाला शुद्धलेखन घालावं तसं. आणि मी फोन ठेवायच्या आधी पुन्हा एकदा म्हणाले, “बोटाला लागलंय.” कानाला ऐकू आलं होतं. पण माझं लिंबू सांगून झालं होतं.

निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं, दर गुरुवारी, मी त्या पाटीवरून गेले. त्यावर लिहिलंय: ‘कै. अच्युत देवस्थळी यांच्या स्मरणार्थ. सिस्टरना फोन करताना काय झालं आणि कुठे झालं ते नीट सांगा. एका शब्दाच्या चुकीने जीव जातो.’

एका गुरुवारी पुण्याकडचं एक जोडपं तिथे उभं होतं. बाईंनी पाटी मोठ्याने वाचली आणि माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून विचारलं, “खरं आहे का हो हे, सिस्टर?”

“खरं आहे,” मी म्हणाले.

“चुकीचं सांगितलं त्यांनी?”

“हो.”

“च् च्. बिचारा. पण नीट सांगायला नको का माणसाने?”

“सांगायला हवं होतं,” मी म्हणाले, आणि पिशवी उचलून पुढच्या घरी गेले.